आधी चिखल, मग ध्यान

ध्यान, समाजकार्य आणि निसर्ग हे तिन्ही नोकरी सांभाळून कसं जमवायचं, असं तू विचारलंस. तिन्हींसाठी वेगळा वेळ काढूच नकोस, मुंबईत तो मिळत नाही. एकच जागा धर आणि तिथेच तिन्ही होऊ दे.

मी तर तिवरांपासून, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडांपासून, सुरुवात कर म्हणेन. खाडीकाठच्या सफाईच्या गटात नाव दे. ओहोटीची वेळ आधी बघून ठेव, गमबूट आणि हातमोजे घे. चिखलातून पेन्सिलीसारख्या मुळ्या वर आलेल्या दिसतील. झाड त्यांतून श्वास घेतं, आणि त्यांच्यावर प्लॅस्टिक चढलं की तो अडतो. पिशवी हिसकू नकोस, मुळी मोडते. हलक्या हाताने सोडव. एखादं पान उन्हात धरून बघ, मिठाचे कण चमकतात. खाऱ्या पाण्यातलं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतं.

काम संपल्यावर लगेच फोन काढू नकोस. दहा मिनिटं गप्प बस. अंग दमलेलं असतं, म्हणून मन फार झगडत नाही. नवख्याने कामानंतरच ध्यानाला बसावं, असं माझं ठाम मत आहे.

उमेद खचली तर माहीमच्या निसर्ग उद्यानात जा. तिथे पूर्वी कचराभूमी होती, हे झाडांखाली उभं राहून खरं वाटत नाही. आणि पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी चुकवू नकोस. भिक्षूंच्या लेण्यांलगतच पाणी साठवायच्या पोढी, म्हणजे खडकातल्या टाक्या, खोदल्या आहेत. साधना आणि पाणी राखणं, दोन्ही एकाच उंबऱ्याशी. फक्त सोमवारी जाऊ नकोस, राष्ट्रीय उद्यान बंद असतं.