पहिला नंबर विकत मिळतो का?

प्रश्न : डहाणूकर कॉलनीत माझं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. मोबाइलवर 'मिक्सर रिपेअर' शोधलं की पलीकडच्या गल्लीतलं नवं दुकान दिसतं, माझं नाही. एक जण १५ हजारांत 'गूगलवर पहिला नंबर' लावून देतो म्हणतोय. देऊ का? (दुपारी १ ते ४ फोन करू नये, दुकान बंद असतं.)
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : एक छदामही देऊ नका. तो क्रम पैसे देऊन मिळत नाही, हे गूगलनंच लिहून ठेवलंय. जाहिरात वेगळी, तिच्यावर तसा शिक्का असतो. शोधाशी दुकान किती जुळतं, किती जवळ आहे आणि किती नावाजलेलं आहे, यावर क्रम ठरतो. तेव्हा लांबच्या हडपसरचं गिऱ्हाईक सोडून द्या.

गूगलवरची तुमच्या दुकानाची नोंद उघडून पाहिली. मुख्य वर्ग 'इलेक्ट्रॉनिक्स दुकान'! अहो, ते टीव्ही विकणारे. 'घरगुती उपकरण दुरुस्ती' निवडा. सेवांमध्ये गिऱ्हाईक काउंटरवर जे बोलतं तेच लिहा : कपलर बदलणे, पात्याला धार, कुकरचं हँडल.

वेळ लिहिलीय सकाळी १० ते रात्री ८. आणि १ ते ४चं काय? खुशाल लवंडा, मीही नारायण पेठेत फ्रेमचं दुकान तसंच चालवलं. पण वेळ दोन तुकड्यांत भरता येते. तुम्हाला मिळालेला तो एकमेव एका ताऱ्याचा अभिप्राय वाचलात का? भर उन्हात भांडं घेऊन आलेल्या बाईंना शटर दिसलं. विसर्जनाच्या दिवशीची सुट्टीही आधी भरून ठेवा.

नावात मात्र कारागिरी नको. मी हौसेनं 'स्वस्त फोटो फ्रेम लक्ष्मी रोडजवळ पुणे' असं लांबलचक नाव टाकलं आणि नोंदच स्थगित झाली. पाटीवर आहे तेवढंच नाव लिहा.

राहिले अभिप्राय. दुरुस्त मिक्सर काउंटरवर फिरवून दाखवता ना? गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो, तेव्हाच अभिप्राय लिहिण्याचा क्यूआर कोड पुढे करा. त्याबदल्यात सूट देऊ नका, नियमात बसत नाही. भाचे-पुतण्यांनाही कामाला लावू नका. आणि त्या बाईंना आज उत्तर लिहा. चूक आपली होती, नवी वेळ अमुक, एवढंच. वाद घालू नका.