बोरूचा काप

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची अक्षरं मिळाली. नेदरलँड्समधल्या हेगला अक्षररचना शिकायला जाऊ का, असं विचारलं आहेस. जा. पण यंदा अर्ज करू नकोस, एक वर्ष थांब. ते वर्ष कशात घालवावं असं मला वाटतं, ते लिहिते.

तुझा देवनागरी अक्षरसंच चौकटींच्या जाळीवर बसवलेला आहे. सगळे कोपरे पंचेचाळीस अंशांत छाटलेले, वळण एकही नाही. डच डिझायनर विम क्राउवेल यांच्या १९६७च्या ‘न्यू अल्फाबेट’ या वर्णमालेवरून हे सुचलं, असं तूच लिहिलं आहेस. पोस्टरवर ती अक्षरं देखणी दिसतात, यात शंका नाही. पण क्राउवेल त्या आकारांपर्यंत का आले ते पाहा. तेव्हा शिशाच्या खिळ्यांची, म्हणजे सुट्या अक्षरांची, जुळणी मागे पडून कॅथोड किरणांच्या नळीवर अक्षर उमटवणारी यंत्रं नुकतीच येत होती. त्या यंत्रांना गोलाई पेलत नव्हती. जुन्या टंकांच्या, म्हणजे छपाईच्या अक्षरसंचांच्या, कडा दातेरी व्हायच्या, आकार लहान केला की अक्षराचं रूपच बदलायचं. क्राउवेल यांनी मग यंत्राला जमतील अशा आडव्या-उभ्या रेषांचीच वर्णमाला करून पाहिली. तो एक प्रस्ताव होता. त्यातली कित्येक अक्षरं सहज ओळखूही येत नाहीत, आणि रोजच्या वाचनासाठी ती आहेत असा त्यांचा दावाही नव्हता. तुझ्या फोनच्या पडद्याला गोलाई उत्तम जमते. मग तुझ्या ‘ळ’ची दोन्ही पोटं चौकोनी का? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर संच ठेव. ‘डच दिसतं म्हणून’ हे उत्तर मला पटणार नाही.

डच टायपोग्राफी म्हटलं की जाळी आठवते, स्किपोल विमानतळाच्या पिवळ्या पाट्या आठवतात. मला मात्र हेगच्या रॉयल अकादमीतला एक वर्ग जास्त महत्त्वाचा वाटतो. खेरिट नोर्डझाय तिथे १९६० ते १९९० शिकवत होते. विद्यार्थ्यांच्या हाती ते आधी लेखणी द्यायचे. अक्षराचा विचार बाह्यरेखेपासून सुरू करायचाच नाही, हत्याराने ओढलेल्या फराट्यापासून करायचा, ही त्यांची शिकवण. रुंद टोकाची लेखणी एकाच कोनात धरून हात फिरवला, की दिशा बदलेल तशी जाडी आपोआप बदलते. टोकदार, लवचिक निबची गोष्ट निराळी. तिथे दाबलं की दोन्ही पाती फाकतात, सोडलं की मिटतात, आणि जाडी त्या दाबातून येते. रोमन टंकांची घराणी त्यांनी प्रामुख्याने या दोन कृतींमधून उलगडून दाखवली. जाड-बारीक यातला फरक कमी करत नेला की या वाटा एकमेकींच्या किती जवळ येतात, हे दाखवायला त्यांनी रोमन ‘ई’ या एकाच अक्षराच्या रूपांनी भरलेला एक घन काढला. तो घन भिंतीवर लाव. शंभर फॉण्टांची नावं पाठ करण्यापेक्षा तो जास्त शिकवेल.

त्यांचं दुसरं सांगणं पांढऱ्या जागेबद्दल. अक्षराच्या पोटातलं पांढरं आणि दोन अक्षरांमधलं पांढरं यांचा तोल साधला, तर शब्द एकसंध दिसतो. काळं आपण काढतो खरं, पण वाचणाऱ्याची नजर पांढऱ्याच्या आधाराने चालते.

या वर्गातून निघालेली माणसं कुठवर पोचली बघ. २००७पासून दीड दशक वर्डमध्ये आपोआप येणारा कॅलिब्री केला लुकास दे ग्रोट यांनी. एरिक व्हान ब्लोकलंड आणि युस्ट व्हान रोसुम यांनी ‘बेओवोल्फ’ नावाचा टंक केला, त्यात छपाईच्या वेळी अक्षराच्या कडा दर वेळी निराळ्या पडत. युस्ट हे पायथन भाषा घडवणाऱ्या खीडो व्हान रोसुम यांचे भाऊ, आणि आज फॉण्ट बनवणाऱ्यांची बरीचशी अवजारं पायथनमध्येच लिहिलेली आहेत. तेव्हा थोडं पायथनही शीक. ज्या वर्गात रुंद टोकाची लेखणी घोटून घेतली, त्याच वर्गातली माणसं कोडकडे सगळ्यांत आधी वळली, हे मला फार बोलकं वाटतं.

आता देवनागरीचं. या वर्गाचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या लिपीला लावू नकोस. रोमनची लेखणी आणि देवनागरीचा बोरू यांचा काप उलट दिशेने तिरपा असतो. त्यामुळे जाडी बसण्याची जागाच बदलते. रोमन ‘ओ’मध्ये डावीकडचा जाड भाग खालच्या अंगाला येतो, आपल्या ‘व’च्या पोटात तो वरच्या अंगाला येतो. हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नकोस. दोन बोरू घे, एकाला असा आणि दुसऱ्याला तसा काप दे, आणि दोन्हींनी क ते ज्ञ लिहून काढ. दुसऱ्या पानाशीच लक्षात येईल की रोमनच्या कापाने लिहिलेला ‘क’ परक्या उच्चाराने मराठी बोलणाऱ्यासारखा वाटतो. बाजारातल्या कितीतरी देवनागरी फॉण्टांत ही चूक आहे, कारण ते करणाऱ्याने रोमनचं वजन, म्हणजे जाडीची जागा, उचलून इकडे ठेवलं. नोर्डझाय यांच्याकडून घ्यायचा तो प्रश्न: हा फराटा कोणत्या हत्याराने, कोणत्या कोनातून आला? त्याचं देवनागरीतलं उत्तर तुला बोरूच देईल. मुंबईत र. कृ. जोशी यांनी अक्षराकडे असंच हाताच्या अंगाने पाहिलं, आणि संगणकावरचा मंगल हा फॉण्टही त्यांनीच केला. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी छापलेली एखादी जुनी पोथी मिळाली तर तीही भिंगाखाली धर. हेग आणि देवनागरी यांची गाठ तर आधीच पडलेली आहे. हेगच्या टायपोथेक या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेचे पीटर बिल्याक आणि सत्या राजपुरोहित यांनी २००९ मध्ये इंडियन टाइप फाउंड्री सुरू केली. म्हणजे तिथे तू रिकाम्या हाताने जाण्याची गरज नाही. बोरूची वही घेऊन जा. ती पाहायला तिथले शिक्षक उत्सुक असतील.

हात बसला की वाचणाऱ्याकडे वळ. इथे माझे आवडते दोघे डच टंककार, खेरार्ड उंगर आणि ब्राम दे डुस. उंगर यांचा ‘स्विफ्ट’ १९८५चा, वर्तमानपत्र डोळ्यांपुढे ठेवून केलेला. कागद खरखरीत, छपाई वेगाची, शाई पसरणारी. नाजूक रेषा तिथे टिकत नाही आणि अरुंद पोट बुजतं. म्हणून त्यांनी अक्षरांची पोटं मोठी ठेवली, टोकांना पाचरीसारखे भक्कम पाय दिले, आडव्या दिशेवर जोर दिला, म्हणजे ओळ एकत्र बांधली जाते. दे डुस यांनी ‘लेक्सिकन’ केला तो व्हान डाले या मोठ्या डच शब्दकोशासाठी, १९९२च्या आवृत्तीकरता. कोशात अक्षर बारीक आणि ओळी दाटीच्या. त्यासाठी त्यांनी वर-खाली जाणारे दांडे आखूड असलेलं एक रूप केलं, आणि ऐसपैस ओळींसाठी दांडे लांब असलेलं दुसरं. सौंदर्यात कुठे तडजोड झाली आहे का, ते तूच शोधून पाहा. मला सापडली नाही.

तुझा संच याच कसोटीला लाव. आठ पॉइंटात, वर्तमानपत्राच्या कागदावर छाप. ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे कळतात का? ‘भ’ आणि ‘म’? ‘ष्ट्य’ला उकार लागला की तो खालच्या ओळीच्या वेलांटीवर आपटतो का? तू पाठवलेल्या पानावर मी चाचणी घेतली. ‘घ’ आणि ‘ध’ कळत नाहीत.

शेवटी एक गोष्ट, जी अकादमीत शिकायला मिळेलच असं नाही. चांगलं अक्षर लोकांपर्यंत पोचायला कचेरीत बसलेला कुणीतरी लागतो. जाँ फ्रान्स्वा व्हान रोयन डच टपाल खात्यात होते. सरकारी छपाई टंकात कुरूप, जुळणीत कुरूप आणि कागदातही कुरूप आहे, असं त्यांनी १९१२ मध्ये छापून सांगितलं, आणि पुढे खात्यात वर चढल्यावर उत्तम कलावंतांना कामं दिली. पीट झ्वार्ट यांची तिकिटं आणि शाळकरी मुलांना टपाल समजावून सांगणारं १९३८चं पुस्तक त्याच खात्याने काढलं. नाझींनी कलावंतांना आपल्या संघटनेत कोंबायला सुरुवात केली तेव्हा व्हान रोयन आडवे आले, आणि १९४२ मध्ये आमर्सफोर्टच्या छावणीत वारले.

त्याच काळात तिथलं सरकारी ओळखपत्र इतकं काळजीपूर्वक बनवलेलं होतं की त्याची नक्कल करणं अतिशय अवघड होतं. हा चोख कागद ज्यूंना वेचून काढायला वापरला गेला. विलेम सांडबर्ग आणि इतर कलावंत-मुद्रक खोटी ओळखपत्रं करत होते, पण मूळ नोंदींशी ताडून पाहिलं की ती उघडी पडत. म्हणून २७ मार्च १९४३ला ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला झाला. सांडबर्ग त्या कटात होते. त्यांच्या अनेक साथीदारांना गोळ्या घातल्या गेल्या, सांडबर्ग भूमिगत झाले. लपून राहिलेल्या काळात त्यांनी फाटक्या कागदांच्या आणि मोठ्या अक्षरांच्या हस्तलिखित पुस्तिकांची एक मालिका केली. युद्धानंतर ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक कलासंग्रहालयाचे संचालक म्हणून ते कॅटलॉगही स्वतःच रचत.

हे मी तुला अशासाठी सांगते की १९७२ मध्ये क्राउवेल आणि दुसरे डिझायनर यान व्हान टोर्न यांचा ॲम्स्टरडॅमला जाहीर वाद झाला. मजकूर स्वच्छपणे पोचवणं हे डिझायनरचं काम, त्याने मध्ये येऊ नये, अशी क्राउवेल यांची बाजू. व्हान टोर्न यांचं म्हणणं, मध्ये न येणं शक्यच नाही, मग आपली भूमिका लपवायची कशाला? तू अजून क्राउवेल यांच्या बाजूने असशील, तुझ्या वयाला ती स्वच्छता मोह घालते. मी व्हान टोर्न यांच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण ते ओळखपत्र.

म्हणून पोर्टफोलिओत पोस्टरं कमी कर. एक सातबारा उतारा घे आणि तो नव्याने रच. त्याआधी तलाठी कार्यालयाबाहेर बस आणि उतारा घेऊन निघणाऱ्यांना विचार की आपलं नाव, क्षेत्र, इतर हक्क ही माहिती त्यांना कुठे सापडते, कशासाठी दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. ती उत्तरं आणि तुझे मसुदे, दोन्ही मला दिवाळीपर्यंत पाठव.

सस्नेह.