रिबोअर केलेली एस्टीम १३०० सीसी गटात चालेल का?

प्रश्न: आमच्या मारुती एस्टीमचे सिलिंडर आतून कापून मोठे करून (रिबोअर) ०.५० मिमी ओव्हरसाइझ पिस्टन टाकलेत. हौशी सर्किट रेसिंगच्या १३०० सीसी गटात घेतील का?

उत्तर: मर्यादा सरळ १३०० असेल तर नाही. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५, म्हणजे चार सिलिंडरचे १२९८ सीसी. बोअर ७४.५ झाला की तेच १३१६ होतात. ०.२५ च्या पिस्टननेसुद्धा १३०७ होऊन मर्यादा ओलांडते! रिबोअरची सूट त्या वर्षीच्या नियमावलीत लेखी असेल तरच नाव द्या. गॅरेजवाल्याच्या ‘चालतं हो’वर विसंबू नका. तपासणाऱ्यांना शंका आली तर हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवून बोअर मोजता येतो. सूट नसेल तर ब्लॉकच्या सिलिंडरांत लायनर (धातूची नळी) बसवून बोअर पुन्हा ७४ वर आणा. पिस्टन आणि रिंगा मात्र स्टँडर्ड साइझच्या नव्या लागतील. हेड घासलं असेल तर कॉम्प्रेशनही (मिश्रण किती दाबलं जातं ते) तपासा. ते फार वाढलं की नॉकिंगने (इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी) पिस्टन फुटतो.