वाचक विचारतात : युद्धात हुकलेले विजेतेपद

प्रश्न : पहिल्या महायुद्धामुळे स्कॉटलंडमधील एका फुटबॉल क्लबचे विजेतेपद हुकले, हे खरे काय?
– एक वाचक, अपशिंगे मिलिटरी, जि. सातारा

उत्तर : तो क्लब म्हणजे एडिंबराचा हार्ट्स. १९१४-१५ च्या हंगामातील पहिले आठही लीग सामने जिंकून तो आघाडीवर होता. मात्र तरुण रणांगणावर असताना फुटबॉल खेळावे काय, असा वाद पेटला आणि नोव्हेंबरमध्ये त्याचे अनेक खेळाडू सर जॉर्ज मॅक्रे यांच्या पलटणीत एकत्र भरती झाले. त्यानंतर लष्करी कवायत आटोपून, थकलेल्या पायांनीच ते मैदानात उतरत. अखेर ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने ६५ गुणांसह विजेतेपद मिळवले आणि हार्ट्स ६१ गुणांवर राहिला. सेल्टिकचा खेळ उत्तम होताच, तरीही हा फरक कवायतीनेच पाडला, असे आमचे मत आहे. मुख्य संघातील सात खेळाडू युद्धकाळात दगावले. त्यांपैकी हॅरी वॉटी, डंकन करी आणि अर्नेस्ट एलिस हे तिघे १ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी पडले. त्याच महायुद्धात ४६ जवान गमावलेल्या आपल्या गावास, एका वेशीतली मुले एकाच वेळी पलटणीत जाणे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.