दुपारी झोपायला जाऊ नका

प्रश्न : बेळगावजवळ माझ्या बहिणीच्या गावात मे महिन्यात देवळाच्या मंडपात एक दिवसाची संगीत सभा असते, सकाळी ८ पासून रात्रीपर्यंत. सासरे जाणार आहेत, मला पण चल म्हणूलेत. मला शास्त्रीयमधलं काही कळत नाही आणि एवढ्या उन्हात दिवसभर बसायचं कसं? दुपारी बहिणीकडं जाऊन झोपून संध्याकाळी परत आलं तर चालतंय का? आणि गातात ते मराठी असतंय की कानडी?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : जावा की ताई. कळणाऱ्यांनीच यायचं म्हटलं तर निम्मा मंडप रिकामा राहील, मी पण घरीच बसेन.

पण दुपारचं झोपणं तेवढं रद्द करा. असं बघा, रागांना वेळ ठरलेली असते आणि आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर, म्हणून आपल्या कानावर सारखं यमन नाहीतर बागेश्री. मग भर दुपारचा सारंग, तीननंतरचा भीमपलास, मुलतानी हे ऐकणार कुठं? दिवसभराच्या सभेतच. सकाळी कुणी तोडी गायलं आणि दुपारी कुणी मुलतानी, तर तुमचं नशीब. दोन्हीत सूर तेच, रे ग ध कोमल म्हणजे जरा उतरलेले आणि मध्यम तीव्र म्हणजे जरा चढलेला, फक्त मुलतानीत वर चढताना रे आणि ध सोडतात, आणि तेवढ्यानं सगळा रंगच पालटतो. सकाळचं कानात ताजं असतं त्यामुळं नावं माहीत नसली तरी काहीतरी वेगळं झालंय हे जाणवतं. मी पण पहिल्या वर्षी जेवून झोपायला गेलो होतो, चहाला परत आलो तर सगळे हुकलेल्या सारंगाबद्दलच बोलत होते, एक काका तर अजून दरवर्षी भेटले की तेच ऐकवतात.

उन्हाचं म्हणाल तर बेळगाव म्हणजे सोलापूर नव्हे, पण पत्र्याचा मंडप तापतोच. सुती कपडे, पाण्याची बाटली, घरचं ताक, आणि पाठीला खांब! खांब जुने श्रोते आठच्या आधीच धरतात, म्हणून सासऱ्यांना पुढं पाठवा. चारच्या सुमाराला वळीव आला तर घाबरू नका. एकदा आमच्या इथं लाईट गेली, माईक बंद, पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, गाणाऱ्या बाई हसून थांबल्या आणि पाऊस ओसरल्यावर तशाच बिनमाईकच्या गायल्या, आम्ही सगळे सरकत सरकत अगदी स्टेजला चिकटलो. दमट हवेत तबल्याचं कातडं सैल पडून सूर उतरतो, मग हातोडीनं ठोकठोक सुरू होते. वैतागू नका, चहा पिऊन यायचा टाइम तोच.

भाषेचं टेन्शन तर घेऊच नका. ख्यालाच्या बंदिशी, म्हणजे रागात गातात ती गाणी, बहुतेक ब्रज भाषेतल्या, म्हणजे मराठी नाही आणि कानडीही नाही, सगळे सारखेच अडाणी! शेवटी मराठी अभंग येतो, बसवण्णांसारख्यांचं कानडी वचन येतं, पुरंदरदासांसारख्या कानडी दासांचं पद येतं, आणि आपल्या भागात त्याचं कुणाला काही वाटत नाही. कुमार गंधर्व १९२४ साली इथल्याच सुळेभावीत जन्मले, घर कानडी, आणि मराठी माणूस त्यांच्या कबीराच्या भजनांसाठी वेडा झाला. भीमसेन जोशी गदगकडचे, त्यांनी तुकोबा पण गायले आणि पुरंदरदास पण. कुठलं आपलं आणि कुठलं त्यांचं हे स्टेजखाली भांडणाऱ्यांना ठरवू दे.

फक्त एक, सभा संपवणारी भैरवी सुरू व्हायच्या आत शेवटची बस गेलेली असते. रात्री बहिणीकडं मुक्कामाचं आधीच सांगून ठेवा, म्हणजे सासरे मधेच "चला, बस चुकेल" म्हणून उठवणार नाहीत.