'उद्या तू नसलास तर हिचं काय?'

प्रश्न: मुलगी चार वर्षांची. मावसभाऊ विमा एजंट आहे. घरी येऊन तिला मांडीवर घेत त्याने विचारलं, 'उद्या तू नसलास तर हिचं काय?' बायकोचे डोळे भरून आले. मी त्याच संध्याकाळी सही केली. वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, २१ वर्षांनी २२ लाख मिळणार. विमा १० लाखांचा. पगार वर्षाला ९ लाख. पॉलिसीचे कागद येऊन नऊ दिवस झाले. ठेवू की परत करू?

उत्तर: परत करा.

भावाचा प्रश्न खोटा नाही. प्रत्येक कमावत्या बापाने तो स्वतःला विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर या पॉलिसीत नाही. तुम्ही खरंच गेलात तर घराला मिळणार १० लाख, म्हणजे तुमचा जेमतेम तेरा महिन्यांचा पगार. मुलीचं सगळं शिक्षण त्यानंतरच आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदांत हप्तामाफीची (तुम्ही गेल्यावर उरलेले हप्ते माफ होण्याची) सोयही दिसत नाही. भीती मरणाची घातली आणि गळ्यात बांधली बचत योजना. डोळ्यांत पाणी असताना विम्याची रक्कम कुणी पगाराशी ताडून पाहत नाही. मला या विक्रीचा राग येतो तो नेमका इथे.

बरं, बचत म्हणून तरी? परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही खाली पडतो. हेच पैसे सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत १० वर्षं भरले, पुढची पाच वर्षं दरवर्षी किमान २५० रुपये टाकून खातं चालू ठेवलं, तर सध्याच्या ८.२ टक्के दराने २१ वर्षांनी साधारण साडेसदतीस लाख होतात. दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तो बदलेल. सरासरी साडेसहा टक्के धरली तरी रक्कम २८ लाखांच्या पुढे जाते.

मुलीसाठी खरं संरक्षण हवं तर किमान १ कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. अर्ज याच आठवड्यात भरा, पण तो मंजूर होण्याची वाट पाहत परतीची मुदत उलटू देऊ नका. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक, म्हणजे पॉलिसी परत करण्याची मुदत असते; तुमच्याकडे २१ उरलेत. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज थेट कंपनीकडे लेखी द्या, पोच घ्या.

आणि भावाला तुम्हीच फोन करा, कंपनीकडून कळू देऊ नका. टर्मचा प्लॅन त्याच्याकडूनच मागवा.