नावं गेलेल्या दोन लाख फाइल्समधून आपल्या कोणत्या, हे न उघडता कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: जुन्या हार्ड डिस्कवरून फोटोरेक या फाइल्स परत मिळवणाऱ्या प्रोग्रामने दोन लाखांवर फाइल्स काढून दिल्या, पण सगळ्यांची नावं ‘एफ’ आणि पुढे आकडे अशी झाली. यातल्या विंडोजच्या कोणत्या नि घरच्या कोणत्या, हे एकेक न उघडता कळेल का?

बऱ्याच अंशी कळेल. डेटा रिकव्हरी हेच माझं काम आहे आणि असलं गाठोडं टेबलावर आलं की मी आधी हॅश काढतो. (खरं तर फोटोरेकच्या आधी त्याचा जोडीदार प्रोग्राम टेस्टडिस्क चालवून बघायला हवं होतं, कदाचित नावं वाचली असती. डिस्क अजून जिवंत असेल तर आत्ताही बघा.)

हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. शा-२५६ या पद्धतीने काढलेला ६४ अक्षरी असतो, फाइल दोन केबीची असो की दोन जीबीची. नाव आणि तारीख त्यात धरतच नाहीत, तुमचं काम होतं ते इथेच. नोटपॅडच्या प्रोग्रामला ‘आजीचे पापड’ नाव दिलंत तरी हॅश तोच राहतो. आतला एक बाइट हलवा, सगळाच आकडा बदलतो.

आता जुळवायचं कशाशी? अमेरिकेची निस्ट ही सरकारी मानकसंस्था नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी चालवते. तिथे सॉफ्टवेअर गोळा करून त्यातल्या फाइल्सचे हॅश काढतात आणि ती यादी दर तीन महिन्यांनी फुकट देतात. यादी अवाढव्य आहे, तुम्हाला तिची छोटी, ‘मिनिमल’वाली आवृत्ती पुरे. ऑटोप्सी या फुकट प्रोग्राममध्ये ती जोडा आणि ‘नोन’ फाइल्स लपवायला सांगा. उरतात त्या बघायच्या.

पण दोन ठिकाणी माणसं फसतात. एक, ‘नोन’ म्हणजे ‘माहीत असलेली’, ‘चांगली’ नव्हे. त्या यादीत हॅकिंगची हत्यारंही आहेत. आणि न जुळलेली फाइल व्हायरसच असेल असंही नाही; लॉग आणि सेटिंगच्या फाइल्स प्रत्येक मशीनवर वेगळ्या, त्या जुळणार कशा?

दुसरं खास तुमच्यासाठी. फोटोरेकला काही प्रकारच्या फाइल्सचा शेवट नेमका कुठे हे कळत नाही, मग शेपटाला थोडा कचरा चिकटून येतो. विंडोजची अस्सल फाइल असूनही हॅश जुळत नाही. त्यामुळे उरलेला ढीग अपेक्षेपेक्षा मोठा निघाला तर घाबरू नका.

शा-२५६ऐवजी एमडी५ ही जुनी हॅश-पद्धत चालेल का, असंही विचारलंय. घरच्या निवडानिवडीला चालेल. मुद्दाम घडवलेली फसवणूक पकडायची असेल तर नाही: दोन वेगळ्या फाइल्सचा एकच एमडी५ हॅश बनवता येतो हे २००४ मध्येच दिसलं, आणि २०१७ मध्ये गूगल नि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेने शा-१ या दुसऱ्या जुन्या पद्धतीचा एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या. कोर्टकचेरीचं प्रकरण असेल तर शा-२५६च घ्या.

उरलेल्या फोटोंचेही आपसात हॅश जुळवा, हुबेहूब प्रती एका झटक्यात गळतात. फक्त व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला लग्नाचा फोटो मूळ फोटोशी जुळणार नाही. तो वाटेत दाबून लहान केलेला असतो, डोळ्यांना सारखा दिसला तरी. तेवढे हाताने निवडावे लागतील.